कागद नाहीत, पण एसएटी द्यायची आहे: ओळखपत्राचं काय करायचं?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. २०१६ साली व्हिजिटर व्हिसावर आलो, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. पुढे परत जाणं झालं नाही आणि व्हिसाची मुदत संपली. तो आता अकरावीत आहे, अभ्यासात चांगला आहे. त्याचा भारतीय पासपोर्ट २०२० मध्येच संपला. ग्रीन कार्ड, स्टेट आयडी, सोशल सिक्युरिटी नंबर यातलं काहीच नाही. कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेला फोटोचं ओळखपत्र लागतं असं कळलं. शाळेचं आयडी फक्त फोनवर आहे. नगरपालिकेचा जन्मदाखला आहे, तो चालेल का? शिवाय पासपोर्टवर त्याच्या नावात वडिलांचं नाव आहे, शाळेत नाही. माझे दीर म्हणतात, फॉर्म भरला की नाव सरकारदरबारी जाईल, त्यापेक्षा परीक्षाच नको. काय करावं?
– एक आई

उत्तर

ताई, परीक्षा द्यायचीच. एसएटी किंवा तशाच दुसऱ्या एसीटी परीक्षेला बसण्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, व्हिसा लागत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही. परीक्षाकेंद्राच्या दारात एकच गोष्ट तपासतात: ज्यानं नाव नोंदवलं तोच मुलगा आत येतोय ना. तो या देशात कोणत्या कागदावर राहतो हा प्रश्न तिथे येतच नाही. आणि ओळख पटवायला शाळेनं दिलेलं फोटोचं कार्ड पुरतं. तुमच्या मुलाकडे शाळा आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालेलंच आहे.

दिरांची भीती समजण्यासारखी आहे, म्हणून आधी तेच. एसएटी घेणारं कॉलेज बोर्ड ही खाजगी, ना-नफा संस्था आहे, सरकारी खातं नव्हे. नोंदणीत नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, पदवीचं वर्ष अशी माहिती विचारतात. त्यानंतर आवडीनिवडी, पुढचे बेत वगैरेंची एक लांबलचक प्रश्नावली येते. ती ऐच्छिक आहे, सरळ पुढे जायचं. कॉलेजांनी आपल्याला पत्रं पाठवावीत म्हणून माहिती देण्याची ‘स्टुडंट सर्च सर्व्हिस’ नावाची सोय असते, तीही ऐच्छिक आहे. मन घेत नसेल तर नकार द्या, गुणांवर काही परिणाम होत नाही. शाळेचंही असंच. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सरकारी शाळा इमिग्रेशनच्या कारणानं मुलाला शिक्षण नाकारू शकत नाही. तो इतकी वर्षं शाळेत आहे ते याच बळावर, आणि शाळेच्या कार्डावर त्याच्या दर्जाबद्दल एक अक्षरही छापलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र दगडावरची रेघ समजा. कोणत्याही फॉर्मवर, परीक्षेच्या, कॉलेजच्या, नोकरीच्या, ‘यूएस सिटिझन’ या चौकोनात खूण करायची नाही. घाईत नाही, ‘तसं कोण बघतंय’ म्हणून नाही, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणूनही नाही. आपण नागरिक आहोत असा खोटा दावा केल्याचं सापडलं तर पुढे कायदेशीर दर्जा मिळण्याची वाट जवळजवळ कायमची बंद होते. लग्नानं किंवा नोकरीनं रस्ता उघडण्याची वेळ आली तरी हा एक चौकोन आडवा येतो. तसंच दुसऱ्याचा किंवा मनानं बनवलेला सोशल सिक्युरिटी नंबर कधीही लिहायचा नाही. जिथे नंबर नाही तिथे रकाना रिकामा ठेवायचा. रिकाम्या रकान्यानं कुणाचं नुकसान होत नाही.

आता कार्डाकडे येऊ. एसएटीला चालणारं ओळखपत्र हातात धरता येईल असं मूळ कार्ड हवं, मुदतीत हवं, त्यावर ओळखू येईल असा अलीकडचा फोटो आणि इंग्रजीत स्पष्ट वाचता येईल असं नाव हवं, आणि ते नाव प्रवेशपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. सरकारनं दिलेलं किंवा मुलगा सध्या जिथे शिकतो त्या शाळेनं दिलेलं, दोन्ही सारखंच ग्राह्य. फोनवरचं आयडी चालत नाही, मग ते शाळेच्या अधिकृत ॲपमधलं का असेना. स्क्रीनशॉटचा प्रिंट नाही, झेरॉक्सही नाही. बऱ्याच शाळांनी प्लॅस्टिकची कार्डं बंद करून सगळं फोनवर नेल्यामुळे कागद असलेली मुलंसुद्धा हल्ली इथेच अडकतात. त्यामुळे तुमच्या मुलानं शाळेत जाऊन ‘एसएटीसाठी छापील आयडी हवं’ एवढंच म्हणायचं. यात काही वेगळं वाटण्यासारखं नाही, कारण वर्गातली इतर मुलंही हेच मागत असतात. बहुतेक शाळांत कार्ड छापायचं यंत्र मुख्य ऑफिसात किंवा लायब्ररीत असतं.

कार्ड हातात आलं की तीन गोष्टी बघा. फोटो सहावीतला तर नाही ना? मुलगा आता मिशी फुटलेला उंच जवान असेल आणि कार्डावर गोंडस पोर, तर पर्यवेक्षक अडवू शकतो. वर्ष कोणतं छापलंय? मागच्या शैक्षणिक वर्षाचं कार्ड त्या कॅलेंडर वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतं, म्हणजे २०२४-२५ चं कार्ड ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. जानेवारी उजाडला की नवं लागतं. आणि नाव पूर्ण छापलंय की जागा संपली म्हणून मध्येच तोडलंय? नावाचा विषय मोठा आहे, त्याकडे खाली येतेच.

जन्मदाखला चालणार नाही. तो कितीही खरा असला, त्यावर नगरपालिकेचा गोल शिक्का असला, तरी त्यावर फोटो नाही. समोर उभा असलेला मुलगा तोच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. सोशल सिक्युरिटी कार्ड, क्रेडिट कार्ड, नोकरीच्या ठिकाणचं बिल्ला-कार्ड हेही बाद. पासपोर्ट चालतो, कोणत्याही देशाचा, पण मुदतीतला. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे लहानपणी आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाचा पासपोर्ट हायस्कुलात पोचेपर्यंत संपलेला असतो. तुमच्याकडे झालंय ते अगदी नेहमीचं आहे. नूतनीकरण वकिलातीमार्फत होतं, पण अर्जासोबत अमेरिकेतल्या वास्तव्याचा दर्जा दाखवणारे कागद मागतात. तेव्हा ते काम आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून, सावकाश करा. एसएटीच्या तारखेसाठी त्याच्या मागे धावू नका. ‘महिनाभरात पासपोर्ट काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी तर मुळीच लागू नका.

शाळा कार्ड छापतच नाही असं निघालं तर? त्यासाठी कॉलेज बोर्डाचा स्वतःचा ‘स्टुडंट आयडी फॉर्म’ आहे. तो त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून कागदावर छापायचा, त्यावर मुलाचा अलीकडचा फोटो चिकटवायचा आणि काउन्सेलर किंवा मुख्याध्यापकांकडे जायचं. मुलानं त्यांच्या समोर सही करायची, आधी घरून करून न्यायची नाही. मग शाळेचा शिक्का असा मारायचा की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडेल. फॉर्म फुकट जातो तो बहुतेक या शिक्क्यापायीच: शिक्का कोपऱ्यात बाजूला मारला की फोटो कुणीही बदलू शकतो, म्हणून पर्यवेक्षक तो फॉर्म घेत नाही. गुळगुळीत फोटोवर शाई पसरते, तेव्हा साध्या कागदावर छापलेला फोटो न्या किंवा उठावाचा शिक्का आहे का विचारा.

एसीटीचंही याच धर्तीवर ‘स्टुडंट आयडेंटिफिकेशन लेटर’ आहे. मात्र एका संस्थेचा कागद दुसरीला चालत नाही. दोन्ही परीक्षा देणार असाल तर दोन्ही वेगवेगळे करून घ्या.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी हेच काम नोटरी करू शकतो. पण कागद नसलेल्या मुलाला नोटरीचा रस्ता अवघड जातो. सही करणारा कोण आहे याची खात्री करणं नोटरीवर बंधनकारक असतं, आणि त्यासाठी तो ओळखपत्रच मागतो. ओळखपत्र नाही म्हणून नोटरीकडे जायचं आणि नोटरीनं ओळखपत्र मागायचं, असा हा चकवा. शाळेतला काउन्सेलर मुलाला चार वर्षं ओळखतो, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. म्हणून शाळेची वाट मोकळी असताना नोटरीकडे जाऊ नका.

आता नाव. मराठी घरांत परीक्षेच्या दिवशी घोळ होतो तो सर्वात जास्त इथेच, कारण आपलं नाव तीन शब्दांचं आणि अमेरिकी फॉर्म दोन शब्दांचा. समजा मुलगा आरव सचिन जाधव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये ‘आरव सचिन’ असतं आणि आडनावात ‘जाधव’. शाळेत दाखल करताना एखाद्या क्लार्कनं ‘सचिन’ मधल्या नावात टाकलं, दुसऱ्यानं गाळलं, तिसऱ्यानं ‘आरव सचिन’ हेच पहिलं नाव धरलं. मग कार्डावर एक, गुणपत्रकावर दुसरं आणि परीक्षेच्या खात्यात मुलानं मनानं भरलेलं तिसरं. नियम साधा आहे: दारात जे कार्ड दाखवणार, त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच नोंदणीत भरायचं, त्याच क्रमानं. कार्डावर ‘आरव जाधव’ असेल तर नोंदणीतही तेवढंच. मधल्या अक्षराचा रकाना रिकामा ठेवा. म्हणूनच आधी कार्ड, मग नोंदणी, हा क्रम पाळा. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: मुलगा शाळेचं कार्ड दाखवणार असेल तर पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे की नाही यानं एसएटीला काहीच फरक पडत नाही. शाळेच्या नोंदीतलं नाव धरणं बरंही, कारण कॉलेजांकडे जाणारं गुणपत्रक त्याच नावानं जाईल आणि एसएटीचे गुण त्याच्याशी आपोआप जुळतील.

स्पेलिंगकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘ज्ञानेश’ किंवा ‘ज्ञानदा’ या नावांची सुरुवात आपण ‘डी-एन-वाय’नं करतो, ते इथल्या क्लार्कला टायपाची चूक वाटतं आणि तो एखादं अक्षर गाळून टाकतो. ‘आरव’मध्ये एक ‘ए’ की दोन, ‘श्री’मध्ये ‘डबल ई’ की ‘आय’, हे कार्डावर पाहून लिहा, सवयीनं लिहू नका. शाळेत हाक मारायचं सुटसुटीत नाव कार्डावर छापून घेतलं असेल तर ते बदलून खरं नाव घ्या. काही मुलांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. त्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, अशी अक्षरं येतात आणि ती तशीच शाळेच्या नोंदीत उतरतात. तसं असेल तर नोंदणीच्या बरंच आधी शाळेच्या रजिस्ट्रारकडून दुरुस्त करून घ्या. परीक्षेच्या खात्यात चुकीचं नाव पडलंच, तर नवं खातं उघडू नका. दोन खात्यांत गुण विभागले जातात. ग्राहकसेवेला फोन करून आहे तेच नाव बदलून घ्या.

या सगळ्याआधी मुलाला काउन्सेलरकडे एक प्रश्न विचारायला सांगा: ‘आपल्या शाळेत एसएटी स्कूल डे होतो का?’ म्हणजे शनिवारऐवजी शाळेच्याच दिवशी, शाळेच्याच वर्गात, ओळखीच्या शिक्षकांसमोर होणारी एसएटी. परीक्षा तीच, गुणांची किंमतही तीच. तिथे मुलाला सगळे ओळखत असल्यानं ओळखपत्राचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, आणि अनोळखी गावी गाडीनं जावंही लागत नाही. तुमच्या घरासाठी याहून सोयीचं काही नाही. एपीच्या, म्हणजे हायस्कुलात घेतलेल्या कॉलेजपातळीच्या विषयांच्या, परीक्षांचंही तसंच. स्वतःच्या शाळेत देताना ओळखपत्राची अडचण येत नाही, दुसऱ्या शाळेत जावं लागलं तर कार्ड लागतं.

शनिवारचीच द्यावी लागली तर २०२५ मध्ये शुल्क ६८ डॉलर होतं. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळण्याइतकं घरचं उत्पन्न कमी असेल, तर अकरावी-बारावीच्या मुलांना शुल्कमाफी मिळते. दोन वेळा एसएटी विनामूल्य आणि पुढे बऱ्याच कॉलेजांचं अर्जशुल्कही माफ. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला यासाठी नागरिक असण्याची अट नाही. जेवणाच्या सवलतीलाही नाही. हा कोड काउन्सेलरच देतो. परीक्षा लॅपटॉपवर ‘ब्लूबुक’ नावाच्या ॲपमध्ये होते. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेज बोर्ड उसना देतं, पण मागणी निदान ३० दिवस आधी करावी लागते. परीक्षेच्या पाच दिवस आधीपासून ॲपमध्ये ‘एक्झाम सेटअप’ करता येतो आणि तिथेच प्रवेशपत्र मिळतं. ते मिळाल्याबरोबर कार्ड शेजारी ठेवून दोन्हींवरचं नाव मोठ्यानं वाचून घ्या. चूक असेल तर फोन करायला अजून दिवस हातात असतात.

केंद्र निवडताना स्वतःची शाळा केंद्र असेल तर तीच, नाहीतर सर्वात जवळचं. खरा धोका परीक्षेच्या वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त असतो. लायसन्स नसताना पहाटे पन्नास मैल गाडी हाकणं टाळा. लायसन्स असलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. न्यू जर्सीत १ मे २०२१ पासून इमिग्रेशनचा दर्जा न बघता स्टँडर्ड लायसन्स मिळतं, तेव्हा मोठ्यांनी तो विषय वकिलाला विचारून मार्गी लावण्यासारखा आहे. शेजारच्या केंद्रांत जागा नाही म्हणून विमानानं दुसऱ्या राज्यात जाण्याचा विचार मात्र करू नका. आणि शाळा-परीक्षाकेंद्रांच्या आवारात इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी शक्यतो जाऊ नये असं जे धोरण होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं मागे घेतलं, हे तुम्हाला ठाऊक असावं. म्हणून घरच्या मोठ्यांनी आवारात ताटकळत बसू नये, सोडून निघावं आणि ठरल्या वेळी घ्यायला यावं.

प्रवेशपत्रावर वेगळं लिहिलं नसेल तर केंद्राचं दार सकाळी आठला बंद होतं. कार्ड घरी राहिलं म्हणून परत गेलात तर जागा राखून ठेवण्याचं बंधन केंद्रावर नाही. कार्ड आत गेल्यावरही लागतं, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा दाखवावं लागू शकतं, म्हणून दप्तरात न ठेवता खिशात ठेवायचं. कुणी अडवलंच तर मुलानं वाद न घालता ‘हे माझ्या शाळेचं चालू वर्षाचं आयडी आहे, कृपया टेस्ट कोऑर्डिनेटरला बोलवाल का?’ एवढं म्हणावं. पासपोर्ट का नाही, जन्म कुठला, यावर खुलासे द्यायची गरज नाही आणि देऊही नयेत.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्यांना किंवा डाकाधारकांना (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणाऱ्या योजनेतल्यांना) मिळणारं फोटोचं वर्क परमिट कार्ड हे सरकारी ओळखपत्रच आहे, मुदतीत असेल तर चालतं. न्यूयॉर्क शहरातल्या मुलांना शहराचं ‘आयडीएनवायसी’ हे ओळखपत्र काढता येतं, त्यालाही इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत. आणि आईवडिलांच्या एच-१बी नोकरीवर मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असलेली, एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपेल याची धास्ती घेऊन बसलेली मुलं ‘अनडॉक्युमेंटेड’, म्हणजे कागद नसलेली, नाहीत. त्यांनी चालू पासपोर्ट किंवा शाळेचं कार्ड बिनधास्त न्यावं.

ताई, पुढचंही थोडं सांगून ठेवते. कॉलेजच्या यादीवर बसाल तेव्हा प्रत्येक कॉलेजला एसएटी खरंच हवी आहे का ते पाहा. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं तर प्रवेशासाठी हे गुण बघतच नाहीत. अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणी अर्ज करण्याच्या ‘कॉमन ॲप’मध्ये नागरिकत्वाच्या प्रश्नाला कागद नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा पर्याय आहे, तोच निवडावा आणि सोशल सिक्युरिटी नंबराचा रकाना रिकामा सोडावा. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळणार नाही, त्यामुळे त्या मदतीसाठीचा एफएएफएसए हा फॉर्म भरू नका. पण न्यू जर्सीत तीन वर्षं हायस्कूल करून तिथेच पदवी घेतलेल्या मुलाला सरकारी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांची फी लागू होते, आणि २०१८ पासून राज्याच्या मदतीसाठीही अर्ज करता येतो. त्याचा वेगळा ‘न्यू जर्सी अल्टरनेटिव्ह’ फॉर्म आहे. त्यासोबत एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सही करण्यापूर्वी ते वकिलाला किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीला दाखवा.

या सोमवारी मुलाला काउन्सेलरकडे पाठवा. स्कूल डे आहे का, छापील कार्ड कुठे मिळेल, शुल्कमाफीचा कोड मिळेल का, हे तीन प्रश्न त्याच्या वहीत लिहून द्या. कार्ड हातात आलं की नावाचा स्पष्ट फोटो काढून घरात ठेवा, आणि नोंदणी करताना तो समोर ठेवूनच एकेक अक्षर भरा.